फरशीखालचा कंद

सोमवार, वैशाख. सांज.

मालकांच्या समाधीवर मीच लिलीचा कंद लावला होता. लेकाला बापाच्या समाधीवर पाणी घालायला सवड कधी? म्हणून मुद्दाम बिनपाण्याचं झाड निवडलं. हिवाळाभर भुईत निजतंय, वैशाखात एकाएकी लाल गोंडा काढतंय.

आज तो गोंडा बघायला शेतात गेले, तर समाधीवर चकचकीत फरशी!

लेक म्हणला, "अव्वा, नुसती वाळकी माती होती. आता बघ, कशी दिसायलीय!"

"आन् कंद?"

"कसला कंद? तिथं काईच नव्हतं."

नव्हतं कसं? निजला होता. आता गोंडा फरशीला डोकं आपटत बसंल.

म्हणलं, "माझ्यावर तरी माती र्‍हाऊ दे."

दात काढून म्हणतोय, "तुझी फरशी बी आणून ठेवलीय, अव्वा. जोडीनं स्वस्त पडली."