कड्यावरचे दोन अंश

आई,

तुझी सून गेली. येत्या ऑगस्टला वर्ष होईल. तू होतीस तेव्हा तिचा दमा नुकता सुरू झाला होता, आणि डोक्यावरून तुझं जुनं लुगडं पांघरून तू तिला वाफ घ्यायला बसवायचीस. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला लिहावंसं कधी वाटलं नाही, आणि आज लिहितोय तेही बरं वाटावं म्हणून नाही. तिला श्वास घेता यावा म्हणून मी तिला डोंगरावर राहायला नेलं आणि तिथल्या हवेनंच तिचा श्वास गेला. जागा मी निवडली होती, उंचीचं गणित करून. तुझा मुलगा असून.

तू वेधशाळेत निरीक्षक होतीस, पण आमच्या गल्लीत तुझी ओळख पापडांमुळे होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत तू दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगले होतेस, एक कोरडा आणि एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. दोघांत फरक मोठा असला की हवा कोरडी. दोन्ही एकच आकडा दाखवायला लागले की हवेत आणखी पाणी मावत नाही, त्या दिवशी पापड घालायचे नाहीत. शेजारणी आधी तुला विचारायच्या, मग डाळ दळायला टाकायच्या. मी सातवीत आहे, शाळेची सहल सिंहगडावर निघाली आहे, आणि तू एक थर्मामीटर रुमालात गुंडाळून माझ्या दप्तरात ठेवतेस. वर गेलास की सावलीत धर, पाच मिनिटं थांब, लिहून आण. मी पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यात सगळं विसरतो. परतताना बसमध्ये आठवतं. शंभर मीटर चढलं की पारा साधारण अर्धा ते पाऊण अंश उतरतो हे तूच शिकवलेलं, पुण्याची आणि गडाची उंची पाठ. मी आकडा काढून वहीत लिहितो. तू वहीकडे एकदा बघतेस आणि म्हणतेस, "हे मोजलेलं नाही."

"पण बरोबर असेल ना?"

"असेलही. वर वारा होता की धुकं होतं, हे या आकड्यात कुठे आहे? म्हणजे तू गडावर गेलाच नाहीस." दोन दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोललीस.

धायरीतलं आपलं घर आता तुला ओळखू येणार नाही. चारही बाजूंनी इमारती उठताहेत, खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली धूळ दुपारी परत हजर. डॉक्टर म्हणाले, यांना या धुळीतून बाहेर काढा. निवृत्त पुणेकराला डोंगरावर जागा घ्यायची लहर येतेच, मला तर औषधाच्या चिठ्ठीवर आली. वेल्ह्याच्याही पुढे, अगदी कड्यावरची जागा एजंटनं दाखवली, एप्रिलमध्ये, संध्याकाळी पाचला. अशा जागा एप्रिलमध्ये पाचलाच दाखवतात हे मला नंतर कळलं. "साहेब, हितं मे महिन्यात बी पंखा लागत नाय," तो म्हणाला. मी मोबाइलवर उंची पाहिली. पुण्याहून साडेतीनशे मीटर वर, म्हणजे दोन अंश थंड. तुझी सून गाडीरस्त्यापासून प्लॉटपर्यंत चढून आली, कुठे टेकली नाही, आणि हसून म्हणाली, "अहो, मला दमच लागला नाही." मला तेवढं पुरलं. गुरं घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थांबले आणि म्हणाले, "पावसाळ्यात हितं कोन ऱ्हात नाय. आमची घरं बगा, समदी उगवतीच्या अंगाला, डोंगराच्या आडोशाला." मी मान हलवली. मनात म्हटलं, यांना देखाव्याचं काय कौतुक असणार.

दोन खोल्या बांधल्या आणि पुढच्या मे महिन्यात राहायला गेलो. जूनच्या मध्यावर ढग दारातून आत आले आणि सप्टेंबरपर्यंत हलणार नव्हते. कोकणातून येणारा वारा कड्यावर चढतो, थंड होतो आणि सगळं पाणी तिथेच टाकतो, मग मागे पूर्वेला जाताना कोरडा होत जातो. डोंगर म्हणून मूठ पुढे धरून तू हे किती वेळा दाखवलं असशील. तेवढ्याच उंचीची जागा वीस किलोमीटर अलीकडे घेतली असती तर पावसाळा सुसह्य झाला असता. पण मी उंची विचारली, डोंगराची बाजू विचारली नाही. काडेपेटी सादळली, गाद्या सादळल्या, भिंतींवर हिरवट काळी बुरशी चढली. पुसावी तर दुसऱ्या दिवशी परत. तुझे दोन्ही थर्मामीटर मी तिथे टांगले होते. आठवडेच्या आठवडे दोन्ही एकच आकडा दाखवत राहिले, आणि मी रोज सकाळी ते बघत राहिलो. तिच्या दम्याच्या पंपाची औषधं दुप्पट झाली. ऑगस्टमध्ये एका दुपारी तिचे ओठ निळे पडले. धुक्यात घाट उतरायलाच दोन तास गेले, पुढे दिवे लावूनही रस्ता दिसत नव्हता. पुण्यात हॉस्पिटलमध्ये ती चार दिवस होती. बोलली नाही.

तुझी नात हिंजवडीला नोकरी करते. रविवारी जेवायला येते, आणि ताट वाढून झालं की मध्येच विचारते, "बाबा, लास्टचे ते महिने आई हॅपी होती ना तिकडे? तिलाच राहायचं होतं ना?" मी हो म्हणतो. आई, जुलैमध्ये तुझ्या सुनेनं मला दोनदा घरी न्यायला सांगितलं होतं. पहिल्यांदा मी म्हणालो, होईल सवय. दुसऱ्यांदा तिनं बॅग भरली होती. पायात चपला घालून पलंगाच्या कडेला बसली होती. "अहो, मला घरी न्या," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, पंधरा ऑगस्टनंतर पाऊस ओसरतो, तेवढं थांब. ओसरत नाही हे मला ठाऊक होतं. सोसायटीत सगळ्यांना हवापाण्याचं व्याख्यान देऊन निघालो होतो, दोन महिन्यांत कोणत्या तोंडानं परत जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिनं चपला काढल्या, आणि बॅगेतल्या साड्या एकेक करून पुन्हा त्या ओलसर कपाटात ठेवल्या. मी दारात उभा राहून बघत होतो.

हे लेकीला सांगायला हवं. तुला लिहितोय, कारण तू मला उलट काही विचारणार नाहीस. काल रविवार होता. तिनं विचारलं, आणि मी म्हणालो, तुझी आई तिथे फार खूश होती गं.