उताराचं माप

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, पण विक्रीच्या कागदांवर तुझी सही पोस्टाने अगदी वेळेत आली. सोबत एक ओळही नाही. रागातसुद्धा तू वक्तशीर!

बाबांचा बंगला आता ओळखू येणार नाही. खाऱ्या वाऱ्याने फुगलेला गिलावा नवा केला, खिडक्यांचे गंजलेले गज बदलले. दलालाने जाहिरातीत 'समुद्र दिसणारा' असं ठोकून दिलंय. दिसतो, पण गच्चीच्या डाव्या कोपऱ्यातून, मान मोडेपर्यंत वळवली तर. मी हरकत घेतली तर म्हणतो, "साहेब, गिऱ्हाईक मान वळवतंच."

दिव्यांची बटणंही वर घेतली. रंगाचे तीन हात झाले तरी कमरेच्या उंचीवर जुने चौकोन दिसतातच. रंगारी वैतागलाय. बाबांचा हात चाकांच्या खुर्चीतून पोचावा म्हणून तू ती खाली बसवून घेतली होतीस, हे मला माहीत होतं. तरी वायरमनला म्हणालो, "जुनी पद्धत आहे, वर घ्या." आजारी माणसाचं घर वाटायला नको होतं मला.

पायऱ्यांशेजारचा सिमेंटचा उतार पाडल्याचं तुला कळलं, तेव्हा फोनवर तू फक्त "अतिशहाणा!" म्हणालीस आणि फोन ठेवलास. लहानपणी हेच लाडाने म्हणायचीस.

रविवारी एक जोडपं घर बघायला आलं. बाई निवृत्त शिक्षिका, नवरा चाकांच्या खुर्चीत. औषधाच्या दुकानात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की या घराला खुर्चीसाठी उतार आहे. दलाल आभाळाकडे बघायला लागला. शेवटी आम्ही दोघांनी खुर्ची उचलून पायऱ्या चढवली. त्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले होते. आत आल्यावर बाई म्हणाल्या, "पायऱ्या छान केल्यात हो." मला कुठे तोंड लपवू असं झालं.

ताई, बाबा खुर्चीत होते त्या अकरा वर्षांत मी चार वेळा आलो, दर खेपेला दोन दिवस. शेवटी तू बोलावलंस तेव्हा रजा नाही म्हणालो. रजा होती. बाबांना तसं बघायची हिंमत नव्हती. उतार पाडताना गवंड्याने विचारलं होतं, "नक्की पाडू ना?" मी हो म्हणालो आणि आत जाऊन रिकामं कपाट उघडून उभा राहिलो. आवाज थांबेपर्यंत तिथेच होतो. आणि तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

त्या जोडप्याला घर आवडलंय. बटणं खाली घ्यायला वायरमन उद्या येतोय. उतारासाठी आज सकाळी त्याच गवंड्याला बोलावलं. म्हटलं, "होता तसाच करा."

"तसा म्हणजे किती?" तो म्हणाला. "मी बांधलेला पहिला फार चढा झाला होता. ताईंनी तीनदा फोडायला लावला. त्या स्वतः खुर्ची ढकलून बघायच्या, मग सांगायच्या. माप आमच्याकडे कुठलं? त्यांनाच विचारा."

मी त्याच्यासमोरच रडलो. त्याने शहाण्यासारखं पाणी मागितलं, मला आत जायला निमित्त मिळालं.

विटा आणि वाळू दारात पडून आहेत. माप पत्राने कळवलंस तरी चालेल. पण आलीस तर बरं होईल. बाबांची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही, मागच्या खोलीत आहे, चाकांना तेल घातलंय. मी तीत बसतो, तू ढकलून बघ. माझं वजन बाबांपेक्षा बरंच जास्त आहे, तेवढं माफ कर.

बाकीचं माफ करायचं की नाही, ते ढकलताना ठरव.

वाट बघणारा,
तुझा अतिशहाणा