हातभर अंतर

३ मार्च, मंगळवार. सकाळ.
बागेतल्या बाकावर आज अर्धा लेख वाचला आणि अख्ख्या आयुष्याचा उलगडा झाला. माणसाच्या मेंदूत म्हणे बदामाएवढा एक भाग असतो. कुणी फार जवळ आलं की तो आतल्या आत घंटा वाजवतो. प्रत्येकाभोवती न दिसणारी हद्द असते. पर्सनल स्पेस!
नकाशांच्या कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी आखल्या. स्वतःची आखायची राहूनच गेली.
उरलेला लेख पुढच्या पानावर होता आणि ते पान कंपाउंडरच्या हातात. आम्ही दोघांत एकच पेपर घेतो. डावं पान मी धरतो, उजवं तो. दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून रिटायर झालेला हा माझा शाळेपासूनचा मित्र. बाक चौघांचा, तरी बसणार माझ्या खांद्याला खांदा लावून. वर मी कविता म्हणू लागलो की कानाशी पुटपुटणार. विशेषतः मी भावपूर्ण विराम घेतो तेव्हा. रसभंग.
निश्चय : उद्यापासून हातभर अंतर.

४ मार्च
बाकावर खडूने रेघ मारली. एकदम सरळ. हात अजून स्थिर आहे. मग कंपाउंडरला मेंदूचं शास्त्र समजावलं. त्याने विचारलं, बदामाएवढा तो एक भाग की तुझा सगळाच मेंदू? दुर्लक्ष केलं.
तो सरकला, पण लेख पुरा करायला आणलेला कालचा पेपर दोघांना पुरेना. दोघांनी ओढला आणि तो बरोबर माझ्या लेखातून फाटला. त्याने आपला अर्धा भाग घडी करून खिशात घातला आणि हिरवळीपलीकडच्या बाकावर जाऊन बसला. जाताना म्हणाला, तुझी घंटा वाजायची थांबली की हाक मार.
विजय. शाळा सुटल्यावरच्या मैदानासारखा बाक आता मोकळा.
अर्धाच पेपर हातात असला की वारा फार लागतो, एवढंच.

६ मार्च
ग्रंथालयात येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी ज्येष्ठांची काव्यपठण स्पर्धा. नाव देऊन आलो. कविता अर्थातच शाळेतली, दीपस्तंभाची.
लाटांवरती लाट चढे अन् वारा घाली हाक,
एकट राही उंच दिवा तो, नाही त्याला धाक!
अहाहा! ‘एकट’ हा शब्द मला तंतोतंत लागू. गुरुजींनी वर्गापुढे उभं करून म्हणायला लावली होती. खिडकीतून तिरपं ऊन, फळ्यावरची धूळ, सगळं अजून दिसतं. कंपाउंडर तेव्हाही पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत ओठ हलवत होता. खोड तेव्हापासूनची.
अख्खी कविता मुखोद्गत आहे. आयुष्यात एकदा तरी टाळ्या पूर्णपणे माझ्या हव्यात. त्यात कुणाची पुटपुट नको.
ही म्हणाली, अहो, तिसरं कडवं येतं ना? बायको असून असले प्रश्न.

९ मार्च
घरातही हद्द लागू केली. ही म्हणाली, फारच छान, मग आज पाठीला मलम तुमचं तुम्हीच लावा. प्रयत्न केला. मलम भिंतीला लागलं.
मलमापुरती हद्द शिथिल.

१० मार्च
बागेत सराव. पहिली दोन कडवी खणखणीत. तिसऱ्याच्या तोंडाशी भावपूर्ण विराम घेतला. विराम लांबला. पलीकडच्या बाकावर कंपाउंडरचे ओठ हलताना दिसत होते, पण मधे सगळी हिरवळ. शेवटी माळी झारी ठेवून आला आणि विचारू लागला, आजोबा, बरं वाटत नाही का? पाणी आणू?
कारण : वारा उलटा होता.

१२ मार्च
एक जाडजूड गृहस्थ थेट रेघेवर येऊन बसले. घंटा वाजली! अगदी लेखात म्हटल्याप्रमाणे. मान ताठ. कंपाउंडरच्या वेळी ती कधी वाजली होती, ते आठवत नाही. वयामुळे आठवत नसेल.
गृहस्थ गेल्यावर डुलकी लागली. जाग आली तेव्हा मी उजवीकडे पुरता कलंडलेला. अर्धी रेघ माझ्या शर्टावर. बाक त्या बाजूला उतरता असणार. तक्रार करायला हवी.

१५ मार्च, रविवार. स्पर्धेहून आल्यावर.
सभागृह भरलेलं. ही पुढच्या रांगेत. कंपाउंडर सगळ्यात मागे, दाराशी. हद्द पाळणारा माणूस, मानलं पाहिजे.
पहिली दोन कडवी अशी म्हटली की गुरुजींनी पाठ थोपटली असती. मग विराम. ग्रंथालयाच्या बाईंनी माइक खराब आहे का ते पाहिलं. माइक उत्तम होता.
मागे कंपाउंडरचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येईना. मी व्यासपीठावरून उतरलो. एक रांग, दुसरी रांग, कुणाची पर्स तुडवली, कुणाच्या गुडघ्याला आपटलो, आणि त्याच्यापाशी जाऊन कानच त्याच्या तोंडाला लावला. याने मान मागे घेतली. मग हळूच म्हणाला, हातभर लांब उभा राहा, माझी घंटा वाजतेय.
मी म्हटलं, अरे, म्हण ना रे.
मी हे त्या सुरात कधी कुणाला म्हटलं नव्हतं. त्याने म्हटलं :
पैल तीरावर दुसरा दिवा तो मिचकावी डोळा,
त्याच्याखातर जागत बसला हाही वेडा भोळा!
पुढची सगळी कविता आम्ही तिथेच, दाराशी उभं राहून संपवली. तो आधी, मी मागून.
टाळ्या जोरदार. श्रोत्यांत उतरून सादर करण्याची ही माझी नवी शैली लोकांना भावलेली दिसते.

१६ मार्च, सोमवार. सकाळ.
उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कंपाउंडरला. त्याने नावही दिलं नव्हतं. बाईंनी कार्यक्रम संपल्यावर त्याला बोलावून छत्री दिली. मला गुलाबाचं फूल. ते सगळ्यांनाच होतं.
आज हाक मारली. तो आला, पुसट रेघेवरच ऐसपैस बसला आणि खिशातून पेपरचा तुकडा काढला. म्हणाला, घंटा तुझ्या पानावर होती, पुढचं ऐक. रोज हातात असलेली काठी मेंदू हळूहळू आपल्याच अंगाचा भाग धरतो. ती मग बाहेरची राहत नाही.
मी विचारलं, म्हणजे मी तुझी काठी? तो म्हणाला, शाळेपासून टेकतोय कोण?
परतताना ऊन कडक. छत्री एकच, आणि ती त्याची. हातभर अंतर ठेवलं तर एकजण उन्हात येतो. तो एकजण मी असल्यामुळे मीच सरकलो.