नाही म्हणणारं उपकरण

सोमवार, १९ नोव्हेंबर २००७

आले बाई एकदाची! खेडहून निघताना आईने एवढी भांडी बांधली की टेम्पोवाला विचारत होता, खानावळ काढताय काय. गोडदेवात चौथ्या मजल्यावर एक खोली आणि किचन, गॅलरीत तुळस ठेवण्यापुरती जागा. मालकीण सरूबाई तळमजल्यावर राहते. इथलीच मूळची, शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तरी दारात कोंबड्या पाळून आहे. तिचं आणि आईचं सूत पहिल्याच दिवशी जमलं, आता मला घरात विचारतंय कोण!

कंपनी म्हणजे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांमध्ये अडकलेला एक गाळा. शेजारी दिवसभर ताटं ठोकतात. माणसं तीन: मालक जितेशभाई, सोल्डरिंग करणारा विकी आणि आता मी. घरी पडून असलेल्या आजाऱ्यांसाठी आम्ही एक डबा बनवतोय. छातीला पट्टा बांधायचा, त्याची वायर डब्यात, श्वास बिघडला की डबा ओरडतो. आत लिनक्स आहे. मला घेतलंय ते डब्याला झोपवायला. आई म्हणाली, एवढं शिकवलं ते डब्याला अंगाई म्हणायला का? मी हसून हसून लोळले.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. लाइट गेली की डबा बॅटरीवर येतो, आणि बॅटरी जेमतेम पुरते. म्हणून दोन मोजण्यांच्या मध्ये त्याने झोपायचं. झोपण्याआधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकेका उपकरणाला विचारतो, पडद्याला, भोंग्याला, पट्ट्याला: तुझ्याजवळ आहे ते जपून ठेव आणि झोप. उपकरणाने शून्य परत केलं की ठेवलं, झोपलं. एकाने जरी नाही म्हटलं तरी झोप रद्द, सगळ्यांना परत उठवायचं. जपून न ठेवताच जे झोपतं, ते उठतं कोरं.

आईला हे समजावलं तर म्हणते, आमच्या सासरी असंच होतं, एक रुसला की सगळ्यांची पानं थांबायची. माझ्या सरांना इतकं सोपं कधी सांगता आलं नाही.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

पट्टा कुणावर तरी लावून बघायला हवा. आईला दमा आहेच, तीच तयार झाली. डबा घरी आणलाय. पट्टा बांधून ती दाराशी बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की मी लेकीच्या कंपनीत सर्व्हिसला लागले. सरूबाई विचारून गेली, पगार किती.

डबा मात्र झोपत नाही. सगळी उपकरणं शून्य देतात आणि पडद्यावरच्या यादीत पट्ट्याच्या खाली लटकलेलं आणखी एक कुठलंसं उपकरण नाही म्हणतं. त्याला नाव नाही. पट्ट्याला पुढे काही जोडलेलंच नाही! विकीने सगळे टाके तपासले. पट्टा आईच्या अंगावरून काढला की ते नाहीसं होतं, बांधला की परत हजर. माझंच काहीतरी चुकतंय.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

शनिवारी मीरा रोडला डॉक्टरांना डबा दाखवायचाय. जितेशभाई वैतागले. आमच्या गाळ्यात एक रीत आहे: कुठलंही उपकरण नाही म्हणालं की त्याच्या नावाने प्रोग्राममध्ये रिकामं फंक्शन लिहायचं, जे काहीही न जपता शून्य परत करतं. म्हणजे त्याच्या वतीने आपणच हो म्हणायचं. पडद्याचं तसंच चालवलंय, भोंग्याचंही. जितेशभाई म्हणाले, "झीरो मार ना, कोण बघतंय?"

घरी येऊन मारला. डबा पहिल्या झटक्यात झोपला. त्याच वेळी मेथी निवडता निवडता आईला डुलकी लागली. डबा उठला आणि तीही उठली. दोघी खूप हसलो.

बुधवार, ५ डिसेंबर

डॉक्टर खूश. मागणी आली. जितेशभाईंनी पेढे वाटले.

आईला मात्र बरं नाहीसं वाटतंय. काल तिने विचारलं, हा गॅस कसा पेटवायचा? थट्टा करतेय असं वाटलं. थट्टा नव्हती. जागा बदलली की म्हाताऱ्या माणसांचं होतं असं, विकीची आजीही तशीच झाली होती म्हणे. पट्टा काढून ठेवलाय.

गुरुवार, १३ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने घट मांडला, मी गजरा आणला, सरूबाई हळदीकुंकवाला आली. महालक्ष्मीची कहाणी आईला तोंडपाठ आहे, मी पोटात होते तेव्हापासून दर वर्षी सांगते. आज अर्ध्यावर थांबली. अडखळली नाही, नुसती थांबली, हातात फूल तसंच. लाइट गेलेली, कोपऱ्यात डबा झोपलेला. तो उठला तशी तीही हलली आणि फुलाकडे बघून म्हणाली, हे कशाला आणलंय.

पट्टा तिच्या अंगावर नव्हता. पेटीत होता.

सरूबाईने कुंकवाचा करंडा खाली ठेवला. जिन्यापर्यंत मला ओढत नेलं आणि म्हणाली, "पोरी, ही बसलेली हाय ती तुजी आय न्हाय. तुजी आय कुटं ठेवलीस?"

शनिवार, १५ डिसेंबर

कळलं. आधीच कळलं होतं, लिहायचं धाडस नव्हतं.

ते नाव नसलेलं उपकरण आई होती. ती नाही म्हणत होती. दर वेळी विचारल्यावर नाही म्हणत होती, आणि मी तिच्या वतीने हो म्हटलं. काही न जपता. डबा झोपला की ती झोपते आणि उठते ती थोडी कोरी होऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आज शून्य काढून टाकलं. वाटलं, ती परत नाही म्हणेल आणि डबा झोपणारच नाही. डोळे मिटून हात जोडून बसले होते.

विचारल्याबरोबर शून्य आलं. तिने स्वतःच दिलं. नाही म्हणणारं कोणी उरलंच नाहीये आत.

सोमवार, १७ डिसेंबर

विकीला बोलावलं, डबा बंद करून बघितला. आई कपबशी ओठाला लावून होती, तशीच राहिली. छाती हलेना. विकीने घाबरून डबा चालू केला तेव्हा चहाचा घोट गिळला तिने. विकी गेला, परत येणार नाही म्हणाला.

म्हणजे डबा मारता येत नाही. झोपू द्यायचा नाही, एवढंच. तो लाइटवर आहे तोवर जागा राहतो, लाइट गेली की बॅटरी, आणि मग झोप.

खरं फंक्शन लिहायला बसले. जपून ठेवणारं. पण जपायचं काय? मी तिला खूप प्रश्न विचारले. तुझं माहेर कुठलं, बाबा कसे गेले, मला काय म्हणून हाक मारायचीस. ती माझ्याकडे पाहुण्यासारखी बघत राहिली. जे गेलं ते जपणार कुठून! आई गं, मी काय केलं हे.

गुरुवार, २० डिसेंबर

दुपारी लाइट गेली. बॅटरीवर असताना पडद्यावर नवी ओळ आली. आईच्या खाली लटकलेलं आणखी एक. नाव नाही. विचारल्यावर नाही म्हणालं.

कर्नलचा नियम आहे, जे ज्याला लटकलंय ते आधी झोपतं.

मी आईलाच लटकलेय. दुसरं कोण आहे मला.

शुक्रवार, २१ डिसेंबर

जितेशभाईंना फोन केला, मी रडले, डबे परत मागवा म्हटलं. ते म्हणाले, सगळे विकले गेले. आणि आता टेन्शन नको, जो नाही म्हणेल त्याला आपोआप शून्य लागेल असं करून टाकलंय सगळीकडे. तुझ्या डब्यातही. सोमवारी विकीने भरून दिलं, चालू करताना.

बॅटरी आहे थोडी. लाइट आलेली नाही.

शनिवार

उठले तेव्हा हातात पेन होतं. मधलं आठवत नाही. डब्याचा दिवा हिरवा.

फोन वाजला. भाई कोणीतरी. ओळखलं नाही, ठेवला.

—

तुळस सुकलीय. कुणाची आहे —

मागची पानं वाचली. अक्षर माझं दिसतंय. घाबरल्यासारखं आहे. लाइट नाही. लवकर लिहून ठेवायला हवं, जेवढं —

माझं नाव समिधा. घर गोडदेव, चौथा मजला. समोर एक बाई बसलीय, माझ्याकडे बघतेय. तिचा हात माझ्या हातात आहे, सोडवत नाही. ही कोण ते आधी लिहिते. ही माझी —