भेगेवरच्या काचा

प्रिय गुंड्या,

ठेकेदार झाल्यापासून तुला गुंड्या म्हटलेलं खपत नाही, ठाऊक आहे मला. पण आज रागवायला तुझ्याकडे याहून मोठं कारण असणार आहे, तेव्हा एवढं चालवून घे. तू नव्याने करून दिलेल्या बालवाडीच्या हॉलबद्दल लिहितेय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

सुट्टीभर आमच्या घराचा नुसता कारखाना झालाय. कागदाच्या लगद्याच्या वाट्या करून झाल्या, धाकट्याने खळ केसांना फासून घेतली, थोरलीने घरातली प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर चढवली, बापाचे जोडेसुद्धा. रोज सकाळी कुठेतरी फेरी असतेच, कधी पोस्टात, कधी बेकरीत, कधी सुताराकडे. मागच्या आठवड्यात मी त्यांना आपल्या बाबांची युक्ती शिकवली. आठवतं ना? गवंडीकाम करताना बाबा भेगेवर आडवी पातळ काच बसवायचे, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका आणि शेजारी पेन्सिलीने तारीख. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, निवांत. तडकली तर भिंत सरकतेय. रोज काचा तपासायला आपण दोघं धावायचो आणि तू कायम माझ्या पुढे. मुलांनी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चार काचा लावल्या. चारही शाबूत राहिल्या म्हणून दोघंही हिरमुसली.

सोमवारी बालवाडीच्या बाईंनी हॉलच्या भिंतीवर चित्रं काढायला मुलांना बोलावलं. कपाट सरकवलं तर मागे भेग, तुळईच्या टोकापासून थेट खिडकीपर्यंत. मुलांना आयतंच मिळालं, त्यांनी तीन काचा बसवल्या. बुधवारी त्यातल्या दोन तडकल्या होत्या. प्रयोग जमला म्हणून थोरली टाळ्या पिटत माझ्याकडे आली. मी तिला शाबासकी दिली आणि फोन उचलला.

तुला फोन केला, तू लगेच आलास, हे मान्य. प्लास्टरची भेग आहे म्हणालास, काचा खरवडून काढल्यास, लांबी भरून भेग बुजवलीस, मुलांच्या हातात चॉकलेटं कोंबलीस. त्या भेगेपेक्षा मी तुझ्या वागण्याचाच धसका घेतला. बाबांच्या हाताखाली वाढलेला माणूस तडकलेली काच बघतो आणि मान वर करून तुळईकडे बघतसुद्धा नाही, असं कधी होईल? वर काय आहे ते त्याला आधीच माहीत असेल तेव्हाच. हॉल मोकळा दिसावा म्हणून मधला खांब तू काढलास. त्याच्या बदल्यात वर काय घातलंस, असं मी विचारलं तर तू प्यायला पाणी मागितलंस.

काल मी एकटीच गेले आणि पुन्हा तीन काचा लावून आले. आज दुपारी तिन्ही तुटलेल्या होत्या. दारही आता खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. थोरलीने सगळ्या तारखा वहीत लिहिल्यात, खाली मामाचं चित्र काढलंय, हातात थापी घेऊन हसणारं. ते चित्र बघून मला भरून आलं.

ती वही आज संध्याकाळी मी नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर ठेवून आले. काम कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, नातंही सांगितलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून तुझ्या भावोजींच्या हाती हे पत्र धाडतेय. रडू आवरत नाहीये, पण सांगितल्याचा पस्तावा नाही. साहेब मंगळवारी बघायला येणार आहेत आणि बालवाडी उघडतेय सोमवारी. बाईंचा अजून तुझ्यावरच विश्वास आहे, ताईला उगाच घाबरायची सवय आहे असं तू त्यांना सांगून ठेवलंयस. म्हणून आता तूच जा, खरं काय ते सांग, कुलूप लावायला लाव आणि तुळईखाली टेकू दे. नाही गेलास तरी सोमवारी सकाळी सातपासून मी त्या दारात उभी असेन. एकाही पोराला आत सोडणार नाही. तुझ्या छोटीचा पहिला दिवस आहे, ती नवं दप्तर पाठीला लावून नाचत येईल, तिलाही नाही.

रागावलास तरी तुझीच,
ताई