अर्जाआधीची चौकशी

प्रिय खारुताई,

रविवारीच आपण फोनवर भरपूर बोललो, आणि तरी मी पत्र लिहायला बसले याचं तुला नवल वाटेल. फोनवर जमत नाही ते मला कागदावर फार छान जमतं असं काही नाही. पण कागद मध्येच 'बरं, ठेवते मग' म्हणत नाही, एवढा त्याचा फायदा. तुझा सातवा महिना सुरळीत चाललाय, पायांना थोडी सूज आहे पण डॉक्टरीणबाई काळजीचं कारण नाही म्हणतात, नव्या घराला अजून पडदे लागले नाहीत, हे सगळं तू सांगितलंस. मी 'हो का, बरं' म्हणत राहिले. आता इथलं सांगते.

बँकेत माझं टेबल हलवलंय. आधी आत होते, चेकच्या काउंटरमागे. आता दाराजवळ बसते, एसीच्या थेट झोताखाली, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी माझ्या अंगात स्वेटर. टेबलावर एक टॅब, एक प्लास्टिकचं झाड आणि एक पाटी, 'क्रेडिट कार्ड : अर्ज करण्यापूर्वी पात्रता तपासा'. लोक ती पाटी अगदी नीट वाचतात आणि मला विचारतात, बाई, टॉयलेट कुठे आहे? ज्यांना खरंच कार्ड हवं असतं ते पाटीकडे बघतही नाहीत. खुर्ची ओढून म्हणतात, कार्ड पाहिजे, कुठे सही करू. त्यांना थांबवायचं, हे माझं काम.

काम तसं सोपं आहे. पूर्ण अर्ज केला की बँक तुमची सगळी कुंडली मागवते आणि ती मागवल्याची नोंद मागे राहते. दुसऱ्या बँकेला पहिलीने नाकारलं का ते दिसत नाही, पण तुम्ही कुठे कुठे दार वाजवलंत ते दिसतं. थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की तिला वाटतं, हा माणूस दारोदार फिरतोय, कुठेतरी पाणी मुरतंय. पात्रता तपासताना मात्र बँक नुसती डोकावते. जन्मतारीख, पगार, घरभाडं, एवढं सांगायचं, की शक्यता चांगली आहे का कमी ते टॅब सांगतो. त्या डोकावण्याची इतर कुणाला गंधवार्ताही लागत नाही. नाही आलं तर गुपचूप घरी जायचं. हो आलं तरी ती हमी नव्हे, खरा निकाल अर्जानंतरच, हे मी प्रत्येकाला बजावते. ते कुणीही ऐकत नाही.

मध्यंतरी एक रंगारी आला होता, भुवईवर पांढरा रंग तसाच. त्याला हप्त्यावर रंग फवारायचं मशीन घ्यायचं होतं. एका बँकेने नाही म्हटल्यावर पठ्ठ्याने त्याच आठवड्यात गावातल्या उरलेल्या सगळ्या बँकांत अर्ज टाकले होते. म्हणाला, बाई, दहा ठिकाणी गळ टाकला की कुठेतरी मासा लागतोच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. टॅब काय म्हणणार ते मला आधीच माहीत होतं. मी सांगितलं, सहा महिने कुठेही अर्ज करू नका, फोनचं बिल वेळेवर भरा आणि मग या. तो म्हणाला, सहा महिने नुसतं बसून राहू? मी म्हटलं, बसू नका, भिंती रंगवा, फक्त अर्ज करू नका. तो हसला. आमचे साहेब हसले नाहीत, कारण महिन्याच्या आकड्यात माझे अर्ज धरतात, तपासण्या धरत नाहीत. साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. आधी मॅडम म्हणतात आणि मग रागावतात.

दुसरे एक आहेत, निवृत्त पी. टी. चे सर. दर महिन्याला येतात, टॅबसमोर ताठ बसतात आणि मी सगळी माहिती भरेपर्यंत भिंतीकडे बघत राहतात. त्यांचं नेहमी हिरवं येतं, शक्यता उत्तम. मग ते मला 'व्हेरी गुड' म्हणतात, जणू धावण्याच्या शर्यतीत मीच पहिली आले, आणि घरी जातात. अर्ज करत नाहीत. एकदा न राहवून विचारलं, सर, इतकं हिरवं येतंय, मग अर्ज का करत नाही? म्हणाले, बाई, आत्ता ते हो म्हणताहेत. अर्ज केला आणि नाही म्हणाले तर? तेव्हा मी हसले. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला सांगताना पुन्हा हसले. पण मग डबा अर्धा तसाच राहिला, कारण मला तू आठवलीस आणि तुझ्याआधी मी स्वतःच.

तुझ्या बाबांशी लग्न करून मी त्या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबा तुला म्हणाले, हिला काय हाक मारायची ते तूच ठरव. त्यानंतर आठवडाभर तू मला कुठलीच हाक मारली नाहीस. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहायचीस, आणि काय हवं ते मी ओळखायचं. मग एका सकाळी बाथरूममधून ओरडलीस, मावशी, टॉवेल! मला फार बरं वाटलं. त्याहून अधिक मी कधी मागितलं नाही. शाळेत पालकसभेला तुझ्या वर्गाच्या बाईंनी विचारलं होतं, तुम्ही हिची आई का? मी म्हटलं, घरचीच. असं म्हणून तुझ्याकडे पाहिलं, तर तू खाली वाकून बुटाचा पट्टा काढत होतीस आणि परत लावत होतीस. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आजही लागलेला नाही.

मागण्याच्या बाबतीत तू माझ्याही वरताण. सहलीला जायचं असलं की तू आधी मला विचारणार, मावशी, या महिन्यात विजेचं बिल जास्त आलं का गं? नवे बूट हवे असले की वर्गातल्या कुणाच्या तरी बुटांची गोष्ट सांगणार. ताकाला जाऊन भांडं लपवते, असं बाबा म्हणायचे. पण भांडं मला बरोबर दिसायचं आणि तू तोंड उघडायच्या आत मी ते भरून द्यायचे. त्यामुळे आपल्या घरात कुणी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. सरळ विचारलंच नव्हतं कुणी. बाबा होते तोवर हे खपून गेलं. तुझं ते मला सांगायचे, माझं तुला. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ते गेले तेव्हा एकटी राहीन याची मला फारशी भीती वाटली नाही. या मुलीला आता मला फोन करायचं कारणच काय, याची वाटली. तू मात्र दर रविवारी फोन करतेस. का करतेस, ते मी विचारलेलं नाही.

आता या रविवारचं घे. पडद्यांचं बोलता बोलता तू विचारलंस, मावशी, वर्षअखेरीला तुमच्या बँकेत रजा देतात का गं? थोड्या वेळाने, तुझा गुडघा जिने चढू देतो का, आमची लिफ्ट मेली सारखी बंद असते. मग, तुला अजून जरा खुट्ट झालं की जाग येते का? मी मख्खासारखी उत्तरं दिली. रजा मिळते, गुडघा बरा आहे, जाग येते. त्यावर तू एका दमात म्हणालीस, सासूबाई येणार आहेत, त्यांनी तर बॅगही भरून ठेवलीय, तेव्हा तू मुळीच काळजी करू नकोस. आणि जावयांना हाक मारत फोन ठेवलास. अगं, दिवसभर मी हाच धंदा करते. कुणी खडा टाकून बघत असेल तर मला रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतं. पण निकाल काय लागला, तेच कळेना. सासूबाई येणार असतील तर माझ्या गुडघ्याची चौकशी कशाला? आणि मी हवी असेन तर त्यांची भरलेली बॅग मध्ये कुठून आली?

सोमवारी मी जावयांना मेसेज लिहायला घेतला. तिकडे थंडी कितपत असते, घरात एखादी जास्तीची गादी आहे का, असं काहीबाही. लिहून झाल्यावर वाचला आणि माझं मलाच हसू आलं, कारण हाही खडाच होता. तो पुसला, उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दीड महिन्याची रजा मागितली. ते आधी नाही म्हणाले. मग त्यांनी माझे गेल्या महिन्याचे आकडे काढून दाखवले. मी समोरच्या खुर्चीतून उठले नाही, तेव्हा हो म्हणाले.

तर पत्राचं कारण हे. आधी चौकशी करा, उगाच नकार ओढवून घेऊ नका, असं मी लोकांना सांगते. कार्डासाठी तो सल्ला चांगला आहे, उद्याही देईन. पण तुझ्याशी मी इतकी वर्षं तसंच वागत आले आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय. मला तुझ्या बाळंतपणाला यायचंय. सासूबाईंना मदत म्हणून नाही, दुसरं कुणी मिळालं नाही म्हणूनही नाही. तुला कळा सुटतील तेव्हा तुझा हात धरायला, बाळाला न्हाऊ घालायला, तू झोपलीस की त्याला मांडीवर घेऊन बसायला यायचंय. आई जे करते ते सगळं करायला. तू हो म्हणण्याची शक्यता किती, मला खरंच माहीत नाही. नको असेल तर नको म्हण, पण सरळ म्हण. मला लागेल, आणि बरेच दिवस लागत राहील. तरी रविवारी तुझा फोन आला की मी उचलेन.

तुझीच,
मावशी