कोबी कोणी दिला

माय, तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. आज तुला लिहायला बसले ते एका सशाच्या पोटामुळे.

लेकीच्या मैत्रिणीकडून दोन महिन्यांचं पिल्लू आमच्याकडे आलं. सोबत सुकं गवत आणि सशाच्या खाऊचे दाणे होते, आणि निरोप, की पंधरा दिवस एवढंच द्या. मला ते पटेना. इवल्याशा जिवाला असलं कोरडं काय घालायचं? लेक शाळेत गेल्यावर मी वाटीभर कोबी चिरला, वर कोथिंबीर आणि गाजर. त्यानं सगळं फस्त केलं, मला बरं वाटलं. संध्याकाळी लेकीनंही कोबीचं एक पान दिलं.

सकाळी पिंजऱ्यात पातळ, चिकट घाण. पिल्लू कोपऱ्यात पाठ गोळा करून बसलेलं, कान गार, गवताकडे बघायला तयार नाही. मी सवयीनं ओव्याचं पाणी उकळायला घेतलं आणि हात थांबला. आणखी काही बिघडलं तर? लेकीनं त्याला ओढणीत गुंडाळलं आणि बमरोलीहून रिक्षानं आम्ही उधन्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघालो. वाटेभर ती विचारत होती, "मम्मी, पोट हलतंय ना त्याचं? हात लावून बघ ना."

बाईंनी पोट चाचपलं. "शुं खवडाव्युं?" काय खायला घातलं, त्यांनी गुजरातीत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "में कोबी आपी." कोबी मी दिला.

"किती?"

"एक पान."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जास्तच गेला असेल," मी म्हणाले. कोणी दिला ते बोलले नाही.

"एवढ्या लहान सशाचं खाणं एकदम बदलायचं नसतं बेटा, जीव जातो त्यांचा," बाई तिलाच म्हणाल्या. ती मान खाली घालून रडायला लागली.

तिथं उभ्या उभ्या तू आठवलीस. भाऊ सहा महिन्यांचा, अंगावरच्या दुधावर. तू साड्यांच्या घड्या घालायला कारखान्यात जायचीस, मी आठ वर्षांची, त्याला सांभाळायचे. रडतो म्हणून एकदा मी त्याला दोन केळी कुस्करून भरवली. त्याला जुलाब लागले. घरी तू माझा कान पिळलास, "पोटाले वळख तरी होऊ दे ना!" पण दवाखान्यात डॉक्टर खेकसले तेव्हा म्हणालीस, "मीच दिलं साहेब." मी तुझ्या पदराला धरून उभी होते.

बाईंनी सुई टोचली, औषध दिलं. फक्त गवत आणि पाणी, अंगाला ऊब. खाणं किंवा लेंड्या बंद झाल्या तर थांबू नका, लगेच आणा, म्हणाल्या. दिवसभर लेक पिंजऱ्यापाशी बसून होती, जेवलीसुद्धा नाही. चारच्या सुमारास त्यानं गवताची एक काडी ओढली. दिवेलागणीला खालच्या वर्तमानपत्रावर सात गोल, कोरड्या लेंड्या पडल्या. तिनं मला हाताला धरून त्या दाखवायला नेलं.

आता तो नीट खातो. बाईंनी परवानगी दिली की हिरवा पाला सुरू होईल, एका वेळी एकच, नखाएवढा. लेक त्याचं खाणं वहीत लिहून ठेवते. पहिल्याच पानावर तिनं लिहिलंय, 'मी कोबी दिला म्हणून ससा आजारी पडला.' ते मी दोनदा वाचलं आणि वही जागेवर ठेवली.

हा कागद कुठे जायचा नाही. तिच्याशी बोलायचं होतं, ते जमलं नाही म्हणून तुला लिहीत बसले.